बाळंतपणाचा पगार कोणी द्यावा?

पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, टेंभुर्णी मागे टाकल्यानंतर आणि मोहोळ येण्यापूर्वी, माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव लागते. शहर म्हणावे एवढा त्याचा विस्तार नाही, आणि निव्वळ खेडे म्हणावे तर हमरस्ता व कुर्डुवाडी-पंढरपूर आगगाडी यांच्या योगाने ते खेडेही राहिलेले नाही. उजनीचे पाणी आल्यापासून भोवतालच्या मुलखात ऊस उभा राहिला आणि त्याबरोबर माणसांचे नाना व्यवसायही आले. अशा गावी शाळेतील शिक्षिका, पेढीवरील कारकून, किराणा दुकानदार, बागायतदार, रोजाने खुरपणीस जाणाऱ्या बाया आणि हंगामापुरती पाले ठोकणारी ऊसतोड्यांची बिऱ्हाडे ही सर्व एकाच शिवेच्या आत नांदतात. म्हणून एखाद्या सामाजिक प्रश्नावर निरनिराळ्या कुटुंबांची मने कशी चालतात हे पाहावयाचे असेल, तर मुंबई-पुण्यापेक्षा अशा मध्यम गावाकडे दृष्टी वळविणे अधिक उपयोगाचे ठरते. आजचा आपला प्रश्न आहे तो मूल झाल्यावर आईस, आणि अलीकडे पुष्कळजण म्हणू लागले आहेत त्याप्रमाणे बापासही, पगारी रजा मिळावी की नाही, हा.

बाळंतिणीने विश्रांती घेऊ नये असे म्हणणारा माणूस आपल्या समाजात शोधूनही सापडणे कठीण. सनातनी आजीबाईपासून सुधारक प्राध्यापकापर्यंत सर्वांचे याबाबतीत एकमत आहे. मतभेदास प्रारंभ होतो तो पुढच्याच पायरीवर. त्या विश्रांतीच्या दिवसांचे पैसे कोणाच्या खिशातून जावयाचे, आणि तिच्या अंगावरचे काम तोवर कोणी उचलावयाचे? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या घरात जशी मिळतात तसे त्या घराचे मत बनते. जातीपेक्षा, शिक्षणापेक्षा, किंबहुना पुरोगामी की प्रतिगामी या भेदापेक्षाही हा हिशेब अधिक बलवत्तर असतो, असे आमचे मत आहे.

आपल्या घरांत ही रजा मुळीच नव्हती असे मात्र नाही. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे या रूढीचा अर्थ काय? सातव्या महिन्यात लेकीस आणावयाचे, डोहाळे पुरवावयाचे, सुईण, शेकशेगडी, डिंकाचे व अळिवाचे लाडू, बाळंतविडा, आणि सव्वा महिना पुरा झाल्यावर, किंबहुना तीन महिन्यांनी, तिला पाळण्यासह सासरी पाठवावयाचे. ही सवेतन रजाच होती. फरक एवढाच की वेतन देणारा धनी तिचा बाप होता. सासरची चूल तोवर जाऊबाईने किंवा नणंदेने सांभाळली. ज्या घरी माणसे पुष्कळ, त्या घरी ही व्यवस्था उत्तम चाले. परंतु जिची आई निवर्तली, जिचे माहेर दरिद्री, किंवा जिचे हे चवथे-पाचवे बाळंतपण, तिला बाराव्याचे न्हाणे झाले की पदर खोचून ओट्यापाशी उभे राहावे लागे, ही गोष्ट आपण सोयीने विसरतो. ‘आम्ही कुठे रजा घेतल्या होत्या?’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ भगिनींपैकी पुष्कळजणींनी ती घेतली होती, फक्त तिला रजा म्हणत नसत. आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांचे गुडघे व पाठी आजही त्याची साक्ष देतात.

(येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. मूल झाल्यावर घरास जी वृद्धी येते, तीत बापासही दहा दिवस देवपूजेपासून मोकळीक असते. म्हणजे बापाच्या रजेची कल्पना आपल्या शास्त्रास अगदीच परकी नाही. मात्र त्या दहा दिवसांत त्याने पाळण्याची दोरी ओढावी असे शास्त्रकारांनी कोठे लिहून ठेवलेले दिसत नाही.)

ज्या स्त्रियांचे माहेर हा भार उचलू शकत नव्हते त्यांचा विचार आपल्या प्रांतात प्रथम गिरण्यांच्या निमित्ताने झाला. मुंबईप्रमाणेच सोलापुरातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापडगिरण्या चालू झाल्या होत्या आणि त्यांत हजारो बाया राबत होत्या. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९१९ साली आपल्या पहिल्याच अधिवेशनात बाळंतिणीस बारा आठवड्यांची रजा असावी असा ठराव केला. त्यास अनुसरून ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात एक विधेयक आणले. ते नामंजूर झाले. पुढे मुंबई कायदेमंडळात तशाच स्वरूपाचे विधेयक आले आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. त्या भाषणातील युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे तिचा बराचसा भार सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी प्रथमच कबूल केले. परंतु त्याचबरोबर, गिरणीमालक बायांना कामास लावतो तो त्यात आपला लाभ पाहूनच, म्हणून त्यानेही खर्चाचा काही अंश सोसावा हे रास्तच होय, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला आणि गिरणीतील बाळंतिणीस काही आठवडे दिवसाला आठ आणे मिळू लागले. आठ आणे ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल. पण बाळंतपण हे केवळ घरचे काम नसून त्यात मालकाचाही हिशेब आहे, ही गोष्ट त्या आठ आण्यांनी आपल्या प्रांतात प्रथम मान्य करविली.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला, १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा होऊन बारा आठवड्यांची रजा मिळाली आणि २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरती ती सव्वीस आठवडे झाली. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सव्वीस आठवड्यांची मुदत तीतही कायम आहे. कागदावर पाहिले तर जगातील पुष्कळ धनाढ्य राष्ट्रांपेक्षा आपण या बाबतीत उदार आहो. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने देशभर जी रजा मिळते ती बारा आठवड्यांची, आणि तीही बिनपगारी. परंतु कागद आणि मोडनिंब यांच्यातील अंतर काही थोडे नाही.

प्रथम ज्यांना ही रजा निर्विवाद मिळते त्यांचे घर पाहू. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका किंवा सरकारी दवाखान्यातील परिचारिका हिला १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाने मुलांच्या संगोपनासाठी साऱ्या नोकरीत मिळून आणखी १८० दिवस मिळतात. अशा घरात या रजेविषयी दोन मते नाहीत. सासूबाई जुन्या वळणाच्या असल्या तरी सुनेची रजा हा तिचा हक्क आहे हे त्यांस पूर्णपणे पटलेले असते. कारण नोकरी सुटत नाही, पगार थांबत नाही, आणि नातवंड दुसऱ्याच्या हाती द्यावे लागत नाही. मात्र याच घराच्या शेजारी ‘बसून पगार खातात’ हे शब्द ऐकू येतात. त्यांत केवळ मत्सर आहे असे समजणे अन्यायाचे होईल. दोन शिक्षकी शाळेतील एक शिक्षिका सहा महिने रजेवर गेली आणि तिच्या जागी कोणी आले नाही, तर चार वर्ग एका माणसाच्या गळ्यात पडतात व पहिलीतील पोर अक्षरओळखीस मुकते. त्या पोराच्या बापास रजेचा राग येतो. वस्तुतः दोष रजेचा नसून बदली माणूस न नेमणाऱ्या व्यवस्थेचा असतो. पण ज्याची झळ बसते तो माणूस डोळ्यांसमोर दिसणाऱ्यावरच रागावतो, आणि डोळ्यांसमोर दिसते ती बाळंतीण.

खाजगी नोकरीचा प्रकार याहून अवघड आहे. धरा, एखाद्या खाजगी इस्पितळात किंवा शाळेत दहा-बारा माणसे कामास आहेत आणि त्यांतील एका परिचारिकेस महिना बारा हजार रुपये पगार आहे. तिची सव्वीस आठवड्यांची रजा म्हणजे मालकास बहात्तर हजार रुपयांचा भार. शिवाय तिच्या जागी नेमलेल्या बाईचा पगार वेगळा. तो मालक हिशेबी असेल तर पुढल्या खेपेस मुलाखतीला आलेल्या मुलीस काय विचारील? ‘लग्न झाले आहे काय? मुले किती?’ हा प्रश्न अशिष्ट आहे हे खरेच. पण तो ज्या हिशेबातून निघतो तो हिशेब कायद्यानेच त्याच्या हाती दिला आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने २००० साली केलेल्या करारात, बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारू नये, तो विम्यातून अथवा सार्वजनिक निधीतून व्हावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि त्याचे कारण हेच आहे. आपल्याकडे कामगार राज्य विमा योजना नेमकी त्याच तत्त्वावर उभी आहे. १ जुलै २०१९ पासून तीत मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के व कामगाराची पाऊण टक्का झाली. म्हणजे बारा हजारांमागे मालकाचे ३९० व कामगाराचे ९० रुपये दरमहा. ही वर्गणी पुरुषांच्या पगारावरही पडते, आणि म्हणूनच बाई नेमली काय नि पुरुष नेमला काय, मालकास तोटा सारखाच! ज्यांना ही योजना लागू आहे त्यांच्या बाळंतपणाचा पगार तिच्या निधीतून मिळतो; मालकाने कुरकुरण्याचे कारण उरत नाही. बाळंतिणीचा भार सर्वांवर थोडा थोडा पसरावा हेच शहाणपणाचे आहे, आणि २०१७ साली रजा दुपटीहून अधिक वाढविताना हा विचार बाजूस राहिला ही मोठी चूक झाली, असे आम्हांस वाटते.

दुकानदाराच्या आणि बागायतदाराच्या घरी या साऱ्या चर्चेस अर्थच उरत नाही. तेथील सून पहाटेपासून गोठा, स्वयंपाक, मजुरांची न्याहारी आणि दुपारी गल्ला सांभाळते. पण तिला पगार नाही, म्हणून पगारी रजाही नाही. अशा घरांतून ‘नोकरदार बायांचे फार लाड चालले आहेत’ हे मत ठामपणे मांडले जाते. पगार न मिळणाऱ्या आईसाठी सरकारने काही केलेच नाही असे नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस किमान सहा हजार रुपये द्यावेत असे म्हटले. पुढे २०१७ साली मातृवंदना योजना आली तेव्हा पहिल्या अपत्यास पाच हजार, तेही हप्त्याहप्त्यांनी, असे ठरले, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार हे २०२२ पासून. एका सरकारी शिक्षिकेच्या रजेची किंमत आणि शेतमजूर बाईच्या रजेची किंमत यांतील हे अंतर वाचकांनीच मनाशी मोजून पाहावे.

आणि आता ज्यांच्यामुळे मोडनिंबच्या भोवतालचा ऊस कारखान्यास पोहोचतो त्यांच्याकडे वळू. दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती दोघांनी मिळून फेडावयाची असते. पहाटेच्या अंधारात नवरा ऊस तोडतो, बायको तो साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढविते. या जोडीतील एकाने एक दिवस काम बुडविले तर ‘खाडा’ पडतो व त्याचे पैसे अंगावर बसतात. आता अशा बाईस सातवा महिना लागला तर तिने काय करावे? रजा घ्यावी तर जोडी मोडते, आणि जोडी मोडली तर उचल फिटत नाही. म्हणून पुष्कळ बाया दिवस भरेपर्यंत मोळी उचलतात, कोपीत बाळंत होतात आणि थोड्याच दिवसांत पोर उसाच्या पाचटावर निजवून पुन्हा फडात उतरतात. खाड्याची ही भीती कोठवर पोहोचते याचा पुरावा २०१९ साली सर्वांसमोर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांची कारणे अनेक आहेत व सर्वच काही कामाच्या धाकाने झाल्या असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या कामात स्त्रीच्या शरीरधर्मास एका दिवसाचीही सवड नाही, त्या कामाचा त्यांत हात नाही असे म्हणणे त्याहून कठीण आहे.

या बायांना रजा कोणी द्यावी असे विचारले असता कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम म्हणतो, मी स्वतःच उचल देऊन बुडालो आहे. मालक कोण हेच ठरत नसल्यामुळे पगार कोणाचा हेही ठरत नाही. ‘रोजंदारीच्या बाईस कसली रजा?’ हा आक्षेप मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच निकालात काढला आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या रस्त्यांवर खडी वाहणाऱ्या हजेरीपटावरील बायांनाही प्रसूती लाभ दिला पाहिजे, असा तो निर्णय होता. तेथे महापालिका हा मालक निदान डोळ्यांना दिसत होता. उसाच्या फडात तो दिसत नाही.

मालक दिसत असूनही हक्क हातून कसा निसटतो हे पाहावयाचे तर सोलापूर शहरातील विडी कामगार बायांची गोष्ट पाहावी. गिरण्या बंद पडल्यावर तेथील हजारो कुटुंबे विडीवरच जगली. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईसही प्रसूती लाभ लागू करणारा कायदा १९६६ सालीच झालेला आहे. पण या धंद्यात कार्ड एकीच्या नावावर आणि वळणारे हात तिघींचे, असा प्रकार सर्रास चालतो. कार्ड बहुधा सासूचे असते आणि मूल होते सुनेला! सून कामगार आहे असा कागदच नसतो, मग लाभ कोठून मिळणार?

कायदा करताना सरकारच्या डोळ्यांसमोर एक ठराविक कुटुंब असते: नवरा, बायको, त्यांच्या पोटची दोन मुले. जी घरे या साच्यात बसत नाहीत त्यांविषयी समाजाचे मतही अधिक संशयी असते. मोडनिंबाहून आगगाडीने थोड्या वेळात पोहोचावे अशा पंढरपुरात १८७५ साली, त्या वेळी तेथे न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर व प्रार्थनासमाजाची मंडळी यांच्या पुढाकाराने, बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. त्या काळी आपल्याच घरांतील विधवा तेथे गुपचूप बाळंत होत आणि मूल मागे ठेवून परत जात. त्या मुलांना आई मिळवून देणे हे त्या संस्थेचे काम होते. तेव्हा दत्तक मुलाच्या आईचा प्रश्न आपणांस नवा नाही. तथापि पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही असे म्हटले जाते की दत्तक घेणारीस प्रसूतीच्या कळा नाहीत, मग तिला रजा कशास? २०१७ च्या दुरुस्तीने तिला बारा आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांच्या आतले असले तरच. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मूल सोडून देणाऱ्या आईस फेरविचारासाठी साठ दिवस असतात आणि टाकलेल्या तान्ह्या मुलाचे पालक शोधण्यास दोन महिनेपर्यंत लागतात, मग कागदपत्रे. एवढे सर्व होऊन तीन महिन्यांच्या आत मूल नव्या आईच्या कुशीत येणार कसे? ही अट पुढे न्यायालयासमोर गेली यात नवल नाही. आणि जे मूल वर्षा-दोन वर्षांचे होऊन येते, ज्याला संस्थेतील दाईच्या हाताची सवय लागलेली असते, त्यालाच नव्या आईच्या सहवासाची गरज अधिक असते, हे ज्यांनी असे मूल वाढविले आहे ते कोणीही सांगेल.

सावत्र मुलांच्या बाबतीत न्यायालयाची दृष्टी समाजाहून पुढे गेलेली दिसते. चंदीगडच्या एका परिचारिकेच्या नवऱ्यास आधीची दोन मुले होती. तिने त्यांच्यासाठी संगोपन रजा घेतली होती म्हणून तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणास रजा नाकारण्यात आली. २०२२ साली न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी दिलेल्या निर्णयात तिला रजा तर मिळालीच, पण कुटुंबाची एकच एक आकृती नसते, मृत्यू, वियोग, पुनर्विवाह व दत्तक यांनी घरे बदलतात आणि कायद्याने त्यांसही आपले म्हटले पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका शिक्षिकेस, पहिल्या लग्नाची दोन मुले असताना दुसऱ्या लग्नातील अपत्यासाठी, रजा मिळाली तीही सर्वोच्च न्यायालयामुळेच. ‘आधीच दोन आहेत, तिसऱ्याचा भार लोकांनी का सोसावा?’ हा प्रश्न आपल्या घरांतून सहज निघतो. पण त्या तिसऱ्या मुलाने आईची निवड स्वतः केलेली नसते.

राहता राहिला बाप. केंद्र सरकारच्या नोकरास १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली सर्वच पित्यांसाठी, असंघटित मजुरांसह, एक खाजगी विधेयक लोकसभेत आणले होते. ते मंजूर झाले नाही. या विषयावर मोडनिंबातच काय, पुण्यातही प्रथम हसू उमटते. ‘पुरुषाने घरी बसून करावयाचे काय?’ याचे उत्तर ज्या घरात आता आजी उरलेली नाही ते घर चांगले देऊ शकेल. उरलेली नाही म्हणजे ती दिवंगत झाली असे नव्हे. ती स्वतःच अजून नोकरीत आहे! राज्य सरकारची शिक्षिका अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होते आणि तिची लेक सत्ताविसाव्या वर्षी बाळंत होते. जिचे माहेर सकाळी दहा वाजता कुलूप लावून कामावर जाते तिने बाळंतपणास कोठे जावे? पोट चिरून मूल काढले असेल तर पहिले काही दिवस तिला तान्हे उचलूनही घेता येत नाही. त्या दिवसांत घरात दुसरा मोठा माणूस असणे हा लाड नव्हे.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या घरी हेच चित्र अधिक ठळक दिसते. अमेरिकेत लेकीस दिवस गेले की येथील आईवडील प्रवाशाच्या परवान्यावर सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. आई बाळंतीण सांभाळते, वडील थंडीत दाराबाहेरचा बर्फ उपसतात. त्या देशाने जी रजा दिली नाही ती आपल्याकडील निवृत्त मंडळींच्या निवृत्तिवेतनातून भरून निघते! उलट स्वीडनमध्ये १९७४ पासून ही रजा आई व बाप दोघांची धरली जाते, आणि बाप ती घेत नाहीत असे दिसल्यावर १९९५ साली त्यांच्यासाठी एक महिना राखून ठेवण्यात आला: घेतला तर घेतला, नाही तर फुकट गेला. तेव्हापासून तेथील बाप घरी राहू लागले. आपल्याकडेही बापाची रजा आली तर मालकाच्या मनातील ‘बाई नको’ हा विचार थोडा ढळेल, कारण रजा घेणारा उमेदवार मग केवळ स्त्रीच राहणार नाही.

आतापर्यंत आपण कारखानदार, मुकादम आणि सरकार यांचा हिशेब पाहिला. पण वाचकभगिनींपैकी बहुतेकजणी स्वतःही मालकीण आहेत. धुणेभांडी, केरवारा, पोळ्या यांसाठी आपल्या दारी जी बाई येते तिला दिवस जातात तेव्हा आपण काय करतो? आपल्या लेकीस पेढीत सहा महिन्यांची रजा मिळाली म्हणून आपणांस समाधान वाटते, आणि त्याच आठवड्यात मोलकरणीने चार दिवस न आल्याचे पैसे कापावेत की नाही याची आपण चर्चा करतो. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला व त्यात प्रसूतीच्या मदतीचीही तरतूद आहे. परंतु नाव नोंदविलेले असल्याशिवाय ती मिळत नाही, आणि नाव नोंदविण्यासाठी आपल्या मोलकरणीस कधी कोणी चिठ्ठी लिहून दिल्याचे क्वचितच ऐकू येते.

हा हिशेब फार मोठा नाही. एक बाई चार घरी काम करते आणि प्रत्येक घर तिला दरमहा पंधराशे रुपये देते असे समजू. चारही घरांनी बाळंतपणाचे दोन महिने पगार चालू ठेवला तर प्रत्येकास तीन हजार रुपये पडतात व तिच्या हाती बारा हजार येतात, म्हणजे मातृवंदना योजनेच्या पहिल्या अपत्याच्या मदतीहून दुपटीपेक्षा अधिक. बदली बाईस तेवढेच द्यावे लागले तर तो खर्च आणखी तीन हजारांचा. एकट्या घराने हे केले तर मात्र ते फळास येत नाही. उरलेल्या तीन घरांनी दुसरी बाई कायमची ठेवली की हिची मिळकत जाते, आणि मग ती आठव्या दिवशीच कामावर हजर होते. म्हणून एका वाड्यातील किंवा एका सोसायटीतील घरांनी आधी आपसांत बोलून ठरविणे आवश्यक आहे, आणि ते तिला सातवा महिना लागण्यापूर्वी ठरविणे बरे. पगाराचे पैसे तिच्याच हाती, शक्य तर तिच्याच पेढीच्या खात्यात द्यावेत, नवऱ्याकडे नव्हे. ती परत येईल तेव्हा बहुधा अंगावरचे मूल घेऊन येईल. ते निजविण्यासाठी वऱ्हांड्यात एक झोळी बांधावी, आणि पाजण्यापुरते काम थांबले तर घड्याळाकडे पाहू नये.